तिचा जबाब लिहिला कुणी?

साहित्याच्या अभ्यासात ‘अविश्वसनीय निवेदक’ असा एक शब्द आहे. कादंबरीत ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारा माणूस काहीतरी लपवतोय, फिरवून सांगतोय किंवा स्वतःचीच समजूत घालतोय, असं वाचता वाचता आपल्या लक्षात येतं. अशा सांगणाऱ्याला हे नाव. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या पुस्तकात ते रूढ केलं. आता ते आपल्याकडच्या चर्चासत्रांतही ऐकू येतं, आणि मोठ्या कौतुकाने ऐकू येतं.

मला या शब्दावरून भांडायचं आहे. शब्द चांगलाच आहे. इतकं धारदार हत्यार पण ते फक्त कादंबऱ्या सोलायला वापरलं जातं, हे माझं दुखणं आहे. पुस्तकातला पुरुष खोटं बोलला तर ‘काय गुंतागुंतीचं पात्र उभं केलंय’ म्हणून माना डोलतात. आणि जिवंत बाई आपल्यावर काय गुदरलं ते सांगायला उभी राहिली, की ती तोंड उघडण्याआधीच अविश्वसनीय! स्त्रीचरित्र देवालाही कळत नाही, असं म्हणत आलेल्या समाजाला बूथसाहेबाची गरजच नव्हती. सगळ्या बायकांना त्याने केव्हाच त्या यादीत टाकलं होतं.

मी निमगाव केतकीची. इंदापूर तालुक्यातलं, बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं, पानमळ्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. इथल्या आमच्या बायकांच्या गटात आम्ही महिन्यातून एकदा मिळून वाचतो. एखाददुसरी एम.ए. झालेली, बाकीच्या पानमळ्यात नाहीतर उसात रोजाने जाणाऱ्या, अंगणवाडीतल्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यातल्याच काहीजणी अडलेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, कोर्टात जातात. म्हणजे आम्ही गोष्टी वाचतो आणि जबाबही वाचतो. दोन्ही वाचून माझं मत पक्कं झालं आहे. बाई खरं बोलते की खोटं, हा नंतरचा प्रश्न. आधी हे विचारलं पाहिजे, की कागदावरचा हा ‘मी’ लिहिला कुणी, कुणासमोर, आणि त्यात फायदा कुणाचा?

पुरुषाच्या डोळ्यांतून

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्या. मराठीतली फार मोलाची कादंबरी, त्यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून परत निघालेला चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली हेर्टा ही ज्यू तरुणी बोटीवर भेटतात. गोष्ट सांगतो चक्रधर. तो आधीच्या प्रेमात दुखावलेला, बायकांविषयी मनात अढी धरून बसलेला. हेर्टा आपल्याला दिसते ती अशा माणसाच्या डोळ्यांतून. शेवटी ती समुद्रात जीव देते. पुस्तक मिटताना आपण हळहळतो कुणासाठी? बहुतेक जण चक्रधरासाठी. त्याची तडफड आपल्याला आतून माहीत असते. तिची मात्र तो सांगेल आणि दाखवेल तेवढीच. बेडेकरांनी हे जाणून केलं असेल. पण आपल्याला शाळा-कॉलेजात कुणी कधी विचारलं का, की हेर्टाने ही गोष्ट सांगितली असती तर ती कुठून सुरू झाली असती?

बाहेरच्या जगातलं उदाहरण याहून भयंकर आहे. नाबोकोवच्या ‘लोलिता’त (१९५५) बारा वर्षांच्या मुलीला वापरणारा हंबर्ट कैदेत बसून आपली बाजू मांडतो. मुलीचं नाव डोलोरेस. ‘लोलिता’ हे त्याने ठेवलेलं. हा माणूस खोटारडा आहे हे दिसावं म्हणून लेखकाने जागोजागी फटी ठेवल्या आहेत. त्या मुलीचं रात्री रडणंही त्यातून ऐकू येतं. तरी जगाने काय केलं? पुरुषांना नादी लावणाऱ्या कोवळ्या पोरीला ‘लोलिता’ म्हणायला लागलं. गुन्हेगाराने ठेवलेलं नाव बोलीत रुळलं आणि मुलीचं खरं नाव फक्त अभ्यासकांच्या लक्षात राहिलं. लेखक सावध होता, पण वाचक आरोपीच्या बाजूला जाऊन बसले.

आणि तो प्रसिद्ध ‘राशोमोन’! आकुतागावाची १९२२ ची कथा, त्यावर कुरोसावाचा १९५० चा चित्रपट. एका जंगलात एक दरोडेखोर, एक बाई आणि तिचा नवरा. नवरा मरतो, आणि जो तो घटना वेगळी सांगतो. ‘सत्य एक नसतं, ज्याचं त्याचं वेगळं असतं’ हे सांगायला आज जगभर याच गोष्टीचं नाव घेतात. पण नीट बघा. वाद आहे तो नवरा कसा मेला याचा. नवऱ्याला फसवून बांधलं आणि बाईवर हात टाकला, हे तो दरोडेखोर स्वतःसुद्धा नाकारत नाही. ज्या एका गोष्टीवर वादच नव्हता ती बाजूला पडली, आणि बाईवरच्या बळजबरीतून जगाने धडा काढला की सत्य कुणालाच कळत नाही. ठाण्यात, पंचायतीत, घरच्या बैठकीत हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत आपल्याला ऐकवतात: ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’

बाईचा ‘मी’ आणि बाईसाठी लिहिलेला ‘मी’

आता बाईच्या ‘मी’कडे येऊ. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर चर्चा झडली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतलं. त्यात त्यांनी त्या काळच्या गाजलेल्या नाटक-कादंबऱ्यांचाही समाचार घेतला. बायकांचे दुर्गुण लिहून ठेवणारे सगळे पुरुषच, मग तुमच्या लिहिण्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा, असा त्यांचा रोख होता. ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शब्द जन्माला येण्याच्या एकोणऐंशी वर्षं आधी बुलढाण्याच्या एका बाईने तो मुद्दा मांडून ठेवला होता, तोही नायकाविषयी नव्हे तर थेट लेखकाविषयी. बक्षीस काय मिळालं? टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. आणि हे पुस्तकही स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत नव्वदाहून अधिक वर्षं अंधारात राहिलं.

याच काळात हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं (१८९०). त्यातून ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ क्रमशः आली आणि १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते: माहेर, सासर, वैधव्य, जबरदस्तीने केलेलं केशवपन. महाराष्ट्र हळहळला. हरिभाऊंचा हेतू चांगला होता, आणि त्या वेळी असं लिहायला धाडस लागत होतं, हे मी खुल्या मनाने मान्य करते. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. बाईने स्वतःच्या नावाने, चढ्या आवाजात लिहिलं तेव्हा समाजाला राग आला. पुरुषाने बाईच्या तोंडून, सोसणाऱ्या आवाजात लिहिलं तेव्हा समाजाच्या डोळ्यांत पाणी आलं. रडणारा ‘मी’ समाजाला पटतो. आरोप करणारा ‘मी’ खोटा वाटतो.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर पन्नास वर्षांनीही फारसं बदललं नव्हतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, मिळवत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलं होतं. लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो कथांविषयी नव्हे. ही बाई कोण? बाईच आहे की बाप्या? म्हणजे लिखाण बाजूला, आधी लिहिणारीला पकडा! त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुढे ‘रणांगण’कार बेडेकरांशीच त्यांचं लग्न झालं. एकाच घरातले दोन मोठे लेखक. पुरुषाच्या ‘मी’ची चर्चा कलेच्या अंगाने झाली आणि बाईच्या ‘मी’ची चर्चा चारित्र्याच्या अंगाने. आजही लेखिकेला कार्यक्रमात हटकून विचारतात, ‘हे तुमचं स्वतःचं आहे का हो?’ तिने रचलं, निवडलं, मुद्दाम लपवलं, असं कुणाच्या मनातच येत नाही. बाई एकतर भाबडेपणाने खरं सांगते नाहीतर खोटं बोलते. गोष्ट कशी सांगायची ते ठरवणारी ती कधीच नसते.

आवलीचं म्हणणं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्या गावच्या रस्त्यावर या. आषाढात तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरला जाते. बारामती, सणसर करत, बेलवाडीचं रिंगण उरकून ती निमगाव केतकीला मुक्कामाला येते. अख्खं गाव राबतं. भाकरी, पिठलं, पाणी, दुखणाऱ्या पायांना तेल. मीही राबते. तुकोबांवर माझा रोख नाही. ते आमच्या श्वासात आहेत. पण याच दिवसांत कीर्तनांतून एक बाई हटकून येते आणि तिच्या नावावर मांडव हसतो. ती म्हणजे आवली. जिजाबाई. तुकोबांची कजाग बायको.

उसाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तुकोबांना उसाची मोळी मिळाली, वाटेत पोरांना वाटत वाटत एकच ऊस घरी आला, आवलीने तोच त्यांच्या पाठीत हाणला, त्याचे तुकडे झाले आणि संत हसून म्हणाले, बरं झालं, वाटे तूच करून दिलेस. मांडवात हशा. आमच्या गटात ही गोष्ट निघाली तेव्हा रोजाने जाणारी एक मावशी एवढंच म्हणाली, ‘घरात पोरं उपाशी, आन् मोळीतला एक ऊस घरी आला. हसाय काय झालं?’

साडेतीनशे वर्षं ऐकलेली गोष्ट एका प्रश्नात उलटी झाली. निवेदकावर संशय घेणं म्हणजे हेच. त्याला इंग्रजी पुस्तक लागत नाही.

आता तपासून बघू. आवलीची माहिती आपल्याला कुणी दिली? तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या महिपतींनी, ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून. संताचा मोठेपणा सांगायचा तर त्याची कसोटी बघणारी बायको हवीच. आवलीचं भांडण हा संताच्या शांतीचा पुरावा झाला. त्यानंतर कीर्तनकार आले आणि १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’. त्यात गौरीबाईंनी आवली अशी जिवंत केली की प्रेक्षकांना ती आपली वाटली. तरी गोष्ट संताचीच. विमान वर जातं, आणि आवली संसारासकट खाली राहते.

तिचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही का? आहे. तुकोबांच्याच गाथेत. स्वामींना त्यांच्या स्त्रीने कठीण उत्तरं केली, अशा मथळ्याचे काही अभंग आहेत. त्यांत ती बोलते: घरात दाण्याची गोणी आली तरी हा पोरांच्या तोंडी पडू देत नाही, लोकांची भर करतो. बोलणं तिचं, राग तिचा, शब्दही पुष्कळसे तिच्या तोंडचे वाटावेत असे. पण शेवटच्या ओळीत शिक्का कुणाचा? ‘तुका म्हणे.’ बायकोचा जबाब नवऱ्याने नोंदवला आणि खाली सही नवऱ्याची. तरी मी म्हणेन की तुकोबांनी निदान तो नोंदवला. पुढच्या पुरुषांनी तेवढंही केलं नाही. त्यांनी तिची तक्रार काढून टाकली आणि तिचा तोंडाळपणा तेवढा ठेवला.

दुष्काळात पहिली बायको आणि मूल गमावलेला, बापाच्या सावकारीचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून देणारा नवरा. परंपरेनुसार तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती. नारायणाचा जन्म त्यांच्यामागे झाला. आणि १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली ती याच नारायणबाबांनी. म्हणजे जी पालखी आम्ही डोळे भरून बघतो, ती बाप न पाहिलेल्या मुलाने काढली. त्याला वाढवलं कुणी? कजाग म्हणून जिच्यावर मांडव हसतो तिने. हे वाक्य पालखीच्या किती कीर्तनांत ऐकलंत?

ठाण्यातला ‘मी’

‘तुका म्हणे’सारखाच एक शिक्का आजही रोज उमटतो. जबाब कसा लिहितात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाई सांगते, ‘त्यानी मला लय हाणलं, मी म्हनलं आज मरतीया.’ लिहिणारा लिहितो, ‘मी वरील ठिकाणी पती व सासू-सासरे यांचेसह एकत्रित राहणेस असून, माझे पती यांनी किरकोळ घरगुती कारणावरून मला लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ दमदाटी केली.’ शेवटी ठरलेली ओळ: ‘माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून मला वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे.’ खाली अंगठा.

यातला ‘किरकोळ’ हा शब्द कुणाचा? तिचा तर नाहीच. तो शेजाऱ्यांचा असेल, सासऱ्याचा असेल, लिहिणाऱ्याच्या सवयीचा असेल. पण तो बसलाय तिच्या ‘मी’खाली, तिच्या अंगठ्यासकट. पुढे कधीतरी कोर्टात वकील उभा राहून विचारतो, ‘कारण किरकोळ होतं असं तुम्हीच म्हटलंय ना?’ ती गोंधळते. नाही म्हणते. झालं, जबाब फिरवला! दुसऱ्याने लिहिलेल्या कथेतली नायिका स्वतःच्या आठवणीने बोलायला लागली, की ती खोटी ठरते.

विजय तेंडुलकरांनी हे रंगभूमीवर आधीच दाखवलं होतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात सगळे बेणारेबाईंविषयी साक्ष देतात. ज्याच्यापासून ती गरोदर आहे तो प्रोफेसर दामले नाटकात येतच नाही. आणि बेणारे जेव्हा शेवटी मोकळेपणाने बोलते, तेव्हा बाकीची सगळी पात्रं गोठलेली असतात. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. तिचं बोलणं कामकाजात नोंदलंच जात नाही.

नाटकानंतर पाच वर्षांनी, मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि तिलाच पराकोटीची खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला हे पटत नाही, असं कारण दिलं. म्हणजे न्यायालयाच्या मनात ‘खऱ्या’ बळजबरीची एक गोष्ट आधीच लिहून तयार होती, आणि मथुरेची गोष्ट त्या साच्यात बसली नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ चा बदल झाला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरून चालावं, असं कायद्यात आलं. २००२ मध्ये आणखी एक कलम गेलं, ज्याच्या आधारे बाई मुळातच ‘वाईट चालीची’ आहे असं दाखवून तिची साक्ष खोडता येत होती. मैत्रिणींनो, हे बदल म्हणजे दुसरं काय आहे? कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा आणि कुणाला पुरावा मागायचा, याचे नियम आपण भांडून बदलून घेतले. निवेदनाचा प्रश्न हा कायद्याचा प्रश्न आहे, तो असा.

मग बाई सांगेल ते सगळं खरं?

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळायचं कारण नाही. नाही, बाई सांगेल ते सगळं खरं असं माझं म्हणणं नाही. बायाही विसरतात, वाढवून सांगतात, कुणाला तरी वाचवतात, घाबरून शब्द गिळतात. सासू शेजारी उभी असताना डॉक्टरला ‘पायरीवरून पडले’ म्हणतात, बहिणीला दुसरं सांगतात आणि ठाण्यात तिसरं. कादंबरीत असं आलं तर आपण म्हणतो, निवेदनाला किती पदर आहेत! मग ठाण्यात त्याला थेट ‘खोटं’ का म्हणायचं? तिने तीन जणांना तीन प्रकारे का सांगितलं, हे समजायचं तर त्या तीन वेळी तिच्यासमोर कोण होतं ते बघावं लागेल. फरक तिच्या खरेपणात नसतो, ऐकणाऱ्याच्या ताकदीत असतो.

सतराव्या शतकातल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंग लिहिले. तुकोबांची भक्ती केली म्हणून ब्राह्मण नवऱ्याने मारलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच अभंगांत त्या आपले मागचे जन्मही सांगतात. आता पूर्वजन्म कुणाला पटतील, कुणाला नाही. पण पूर्वजन्म पटत नाहीत म्हणून मारहाणही झाली नसेल, असं म्हणाल का?

दुसरं उदाहरण आमच्या शेजारच्या फलटणचं. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. महार समाजाच्या, आणि त्यातही बायकांच्या जिण्याचं असं वर्णन त्याआधी बाईच्या लेखणीतून आलं नव्हतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की नवरा आपल्यालाही संशयाने मारायचा. पुस्तकात ते नाही. समाजाचं दुःख सांगताना आपलं स्वतःचं त्यांनी बाजूला ठेवलं. पुस्तकी व्याख्येने बघितलं तर महत्त्वाची गोष्ट गाळणाऱ्या त्या निवेदक! त्यांना कुणी अविश्वसनीय म्हणेल का? काय सांगायचं आणि काय कधी सांगायचं, ते त्यांनी ठरवलं. हाच तो हक्क, जो पुरुष लेखकाच्या नायकाला आपण सहज देतो आणि गावातल्या बाईला देत नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. बाईला देवी करू नका; तिला निवेदक माना. तिच्या सांगण्यात गाळलेल्या जागा असतील, फेरफार असतील, त्यांचा अर्थ लावा. आणि जो निवेदक ‘मी’ म्हणतच नाही, जो तटस्थ असल्याचा आव आणतो, त्याच्यावर संशय घ्यायला शिका. पंचनामा, तंटामुक्ती समितीचं मिटवामिटवीचं पत्र, वर्तमानपत्रातली ‘घरगुती वादातून विवाहितेची आत्महत्या’ ही तीन ओळींची बातमी. यांत सांगणारा दिसत नाही म्हणून आपण त्याला विश्वासू धरतो. खरा अविश्वसनीय निवेदक तोच, कारण तो कधी उलटतपासणीला उभाच राहत नाही.

आपल्या दप्तरातही

हीच कसोटी आपल्या कामालाही लावायला हवी. संघटनांच्या अहवालांत, केसच्या नोंदींत, या अशा अंकांतही ‘पीडित महिला’ असते, तिची करुण कहाणी असते आणि शेवटी संस्थेने तिला कसा आधार दिला ते असतं. हा साचा यमूचाच आहे. रडणारी नायिका आपल्यालाही सोयीची असते. भांडणारी, हिशेब मागणारी, कधी आपल्यावरच रागावणारी बाई अहवालात मावत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक झाल्या. ओवी कुणी म्हटली, कोणत्या गावाची, याची नोंद त्यात ठेवली गेली. बाईचे शब्द, तिची बोली, तिचं नाव. तक्रारीच्या कामात नाव गुप्त ठेवावं लागतं, पण शब्द तिचेच ठेवायला कोण अडवतंय? ‘लय हाणलं’ला ‘मारहाण’ करू नका.

ठाण्यात जाताना हे लक्षात ठेवा. फिर्याद लिहून झाली की ती सांगणाऱ्याला वाचून दाखवणं आणि तिची प्रत मोफत देणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात फिर्याद बाईअधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते, असं २०१३ पासून कायदा सांगतो. २०२४ मध्ये नवे फौजदारी कायदे आले तरी हे कायम आहे. तेव्हा वाचून दाखवताना कान उघडे ठेवा. तिने न उच्चारलेला एकेक शब्द शोधा आणि सहीआधी बदलायला लावा. ‘किरकोळ’ दिसला की आधी तो.

आणि गटात वाचायला बसाल तेव्हा कोणतीही गोष्ट असो, कादंबरी, कीर्तन, बातमी, चार प्रश्न विचारा. हे सांगतंय कोण? कुणाला सांगतंय? सांगण्यातून त्याचं काय साधतंय? आणि जिच्याविषयी सांगितलं जातंय, ती इथे बसली असती तर काय म्हणाली असती? चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते गटातल्या एखाद्या मावशीकडे असेल, आणि बहुतेक वेळा ती सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसलेली असेल. तिला आधी बोलू द्या.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एक जबाब आणि एक गोष्ट शेजारी ठेवून वाचा. दोन्हींतले जे शब्द बाईचे वाटत नाहीत त्यांच्याखाली रेघ मारा. किती रेघा झाल्या आणि त्यावरून काय बोलणं झालं, ते या अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. तुमच्याच शब्दांत, जसं बोललात तसं.